नाशिकच्या काळ्या मातीत नीलमोहर: आधी लाड, मग ताण

२०२० चा जानेवारी. सकाळी हातात पाइप धरून मी अंगणातल्या नीलमोहराच्या आळ्यात पाणी सोडत होते. झाड साडेसात वर्षांचं, हिरवंगार, भरगच्च पानांचं, आणि तोवर एक फूल नाही. मामा दिंडोरीहून कामासाठी शहरात आले होते, चहाचा कप घेऊन ओसरीत उभे राहिले आणि म्हणाले, "काय गं, अजून पाणीच पाजतेस का त्याला? माझ्या द्राक्षाला मी एवढं पाणी पाजलं असतं तर नुसती वेल झाली असती, घड नसता लागला एक."

हा लेख खरं तर त्या एका वाक्यावर उभा आहे. नीलमोहर लावणं अवघड नाही, जगवणंही नाही. माणसं चुकतात ती तो जगल्यानंतर. तान्हेपणी जे पाणी आणि खत त्याला हवं असतं, तेच मोठेपणी चालू ठेवलं की झाड पानांतच रमतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं अर्धं काय करावं याबद्दल आहे, आणि अर्धं करणं कधी थांबवावं याबद्दल.

नाशिकची हवा त्याला का मानवते

नीलमोहर म्हणजे जॅकरांडा मिमोसिफोलिया. मूळ गाव दक्षिण अमेरिकेत, वायव्य अर्जेंटिना आणि दक्षिण बोलिव्हिया. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, हिवाळा कोरडा आणि गार जातो. झाड त्या कोरड्या दिवसांत पानं टाकतं आणि पाऊस यायच्या आधी, नागव्या फांद्यांवर फुलतं. दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया शहर याच झाडामुळे जॅकरांडा सिटी म्हणवतं. तिथला ऋतूंचा क्रमही असाच आहे, फक्त गोलार्ध उलटा असल्यामुळे तिथे तो ऑक्टोबरात फुलतो आणि आपल्याकडे शिमगा आटोपल्यावर.

आता नाशिक बघा. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची, जून ते सप्टेंबर पाऊस, नंतर आठ महिने जवळजवळ कोरडे, आणि डिसेंबर-जानेवारीत स्वेटरची खरी थंडी. याच कारणाने आपल्याकडे तो चांगला फुलतो आणि दमट मुंबईत तेवढा भरत नाही. निफाडकडे काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली जातो. तेवढ्याने मोठ्या झाडाला काही होत नाही, रोपाचे कोवळे शेंडे मात्र करपतात. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी रोपावर गोणपाट टाकायचा आणि सकाळी काढायचा, एवढं पुरतं.

घेताना आधी ओळखा

माझा पहिला नीलमोहर गुलमोहर निघाला. एका रोपवाटिकेतून नीलमोहर म्हणून आणलेलं रोप चार वर्षं वाढवलं आणि मे महिन्यात त्याला लालभडक फुलं आली. रोपवाटिकेवाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. लहानपणी दोघांची पानं इतकी सारखी दिसतात की पिशव्यांची सरमिसळ सहज होते. पण ओळखायच्या खुणा आहेत, आणि त्या दोन मिनिटांत तपासता येतात.

पहिली खूण खोडावर. नीलमोहराची पानं साधारण समोरासमोर जोडीने फुटतात, तर गुलमोहराची एक इकडे, एक तिकडे अशी आळीपाळीने. इथे पान म्हणजे ते नेच्यासारखं अख्खं लांबलचक पान, त्याच्यावरची बारीक पर्णिका नव्हे. दुसरी खूण पर्णिकेच्या टोकाला. नीलमोहराची पर्णिका टोकाशी निमुळती, अणकुचीदार असते, आणि प्रत्येक उपशिरेच्या शेवटी एक पर्णिका इतरांपेक्षा लांब निघालेली दिसते. गुलमोहराची टोकं बोथट, गोलसर. आणि आईझाडाची शेंग बघायला मिळाली तर प्रश्नच मिटला. गुलमोहराची शेंग तलवारीसारखी हातभर लांब, नीलमोहराची चपटी, गोल, लाकडी शिंपल्यासारखी, तळहातात मावणारी.

नावात मोहर असला तरी गुलमोहर आणि सोनमोहर ही शेंगवर्गातली झाडं, आणि नीलमोहर त्यांचा सख्खा तर सोडाच, चुलतही नाही. त्याचं कूळ टेटू, पाडळ आणि आपल्या बुचाचं. बुचाचं पांढरं फूल आणि नीलमोहराचं जांभळं फूल शेजारी ठेवून बघा, लांबट नळीवरून नातं कळतं.

रोप निवडताना उंचीला भुलू नका. आठ फुटी, काडीसारखं बारीक रोप घेण्यापेक्षा चार-पाच फुटी, अंगठ्याएवढ्या बुंध्याचं घ्या. पिशवीच्या तळाला बोट लावून बघा. जाड मुळी बाहेर येऊन खालच्या जमिनीत शिरलेली असेल तर ते रोप तिथे फार दिवस पडून आहे. आत मुळांचा वेटोळा झालेला असणार, आणि तो वेटोळा आठ-दहा वर्षांनी झाड वादळात आडवं करतो.

बियांपासून करायचं असेल तर तेही सोपं आहे. हिवाळ्यात तपकिरी, कडक झालेली शेंग झाडावरूनच तोडा. जमिनीवर पडलेल्या बहुतेक शेंगा उघडलेल्या आणि रिकाम्या असतात. आतलं बी कागदासारखं पातळ, भोवती पारदर्शक पंख. रात्रभर ते एक दिवस पाण्यात भिजवा, ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरा, बी आडवं ठेवून वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर थर द्या. फेब्रुवारीच्या शेवटी ऊब आली की पेरा, दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. फक्त धीर हवा, कारण बियांचं झाड फुलायला सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत कितीही घेतं. कलमी रोप मिळालं तर ते बरंच आधी फुलतं. मला विचाराल तर कलम शोधा. पन्नाशीनंतर लावणार असाल तर शोधाच.

जागा

झाड ३० ते ४० फूट उंच होतं आणि पसाराही जवळपास तेवढाच धरतं. रो हाउसच्या पुढच्या दहा फुटी पट्टीत ते लावू नका. भिंतीपासून किमान १५ फूट, दोन झाडांत २५ फूट, आणि वर विजेची तार नको. तार असेल तर पाच वर्षांनी वीज मंडळाची माणसं येऊन मधोमध कोयता चालवतील आणि छत्रीचा इंग्रजी व्ही होईल. मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे पेव्हर ब्लॉक उचलले जातात. ड्रेनेजच्या चेंबरजवळही नको, कारण गळकी पाइपलाइन मुळं बरोबर हुडकून काढतात.

दिवसभर ऊन हवं. इमारतीच्या सावलीतलं झाड उन्हाकडे वाकत एकांगी होतं आणि फुलत नाही. आणि गाडी लावायची जागा त्याच्याखाली ठेवू नका. का ते पुढे येईलच.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते. घराच्या अंगणात, सोसायटीच्या आवारात एखादा नीलमोहर शोभतो. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणीच्या डोंगरांवर वृक्षारोपणात मात्र तो लावू नका. मूळ प्रदेशात तो आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित गटात आहे, आणि दक्षिण आफ्रिकेत उलट तो आक्रमक ठरून नव्या लागवडीवर बंधनं आली आहेत. आपल्याकडे तो तसा पसरलेला नाही, पण डोंगरावर पळस, पांगारा, काटेसावर असताना पाहुण्याला तिथे नेण्याचं कारण काय?

खड्डा, आणि काळ्या मातीची खोड

सगळ्यात जास्त रोपं इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबते.

नाशिकमध्ये एका घराखाली मुरूम लागतो आणि पुढच्या गल्लीत चार फूट काळी माती. गंगापूर रोडच्या वरच्या अंगाला, पाथर्डीकडे मुरूम सहज लागतो. मखमलाबाद, आडगाव, नदीकाठच्या पट्ट्यात काळी. मुरमात नीलमोहर खुशीत असतो, कारण त्याला पायाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. काळ्या मातीत काळजी घ्यावी लागते.

एप्रिल-मेमध्ये खड्डा घ्या, म्हणजे उन्हाने माती तापेल. ३ फूट लांब-रुंद आणि २ फूट खोल पुरे. खणल्यावर लगेच परीक्षा घ्या. खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पाणी संपलं असेल तर उत्तम. तळाला वीतभर उरलं असेल तर पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होणार.

आता नेहमीची चूक. काळी माती वाईट म्हणून ती सगळी बाहेर फेकायची, आणि ट्रॅक्टरभर लाल माती आणून खड्डा भरायचा. दिसायला छान दिसतं. पण मोकळ्या लाल मातीत पावसाचं पाणी झरझर उतरतं आणि भोवतीच्या काळ्या भिंतींशी अडतं. तुम्ही जमिनीत एक बादली पुरून तिच्यात झाड लावलेलं असतं. माझं दुसरं रोप असंच गेलं. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली, मी कोरडं झालं समजून आणखी पाणी घातलं, आणि उपटलं तेव्हा मुळांना नासल्याचा वास होता.

म्हणून खणलेलीच माती परत वापरा. तीन वाट्याला एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत. कुजलेलं म्हणजे मूठभर हातात घेतलं तर शेणाचा वास येऊ नये आणि मुठीत गरम लागू नये. त्यात एक किलो निंबोळी पेंड. ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मूळकुजीला रोखणारी उपयोगी बुरशी) आठ दिवस आधीच थोड्या ओलसर शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली ठेवा, मग ते खड्ड्यात घाला. नुसती पावडर कोरड्या मातीत टाकणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. खड्ड्याच्या बाजू पहारीने खरवडून खडबडीत करा. गुळगुळीत भिंतीवरून मुळं गोल फिरतात, खडबडीत भिंतीत शिरतात.

पाणी जिरत नसेल तर खड्डा आणखी खोल करू नका, उलट वर या. जमिनीच्या पातळीवर फूट-दीड फुटाचा, चार-पाच फूट रुंदीचा उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. द्राक्षबागेत गादीवाफ्यावर वेली लावतात त्यामागचं कारण हेच.

लावायचा दिवस

जूनच्या पहिल्या सरीला घाई नको. पहिला पाऊस येतो आणि मग पंधरा दिवस दडी मारतो, हे आपण दरवर्षी बघतो. पाऊस बसला की, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावा. संध्याकाळी.

पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा. मुळांचा गोळा हातात आला की तळाशी गोल फिरलेली मुळं दिसतील. ती कात्रीने कापा आणि गोळ्याच्या बाजूला तीन-चार उभ्या चिरा द्या. हात थरथरतो, पण कापा. गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वरच राहिला पाहिजे, बुंधा मातीत गाडायचा नाही. कडेने माती पायाने हलकी दाबा, नाचू नका.

आधाराला दोन बांबू, बुंध्यापासून फूटभर लांब दोन बाजूंना. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, इंग्रजी आठच्या आकारात, सैल. झाड वाऱ्यावर थोडं हललंच पाहिजे, हलण्यानेच बुंधा जाड होतो. सुतळी किंवा तार नको, वर्षभरात ती सालीत रुतते आणि पुढच्या वादळात झाड नेमकं तिथेच मोडतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बांबू काढून टाका. शेळ्यांची ये-जा असेल तर जाळी लावा. शेळीला नीलमोहर आवडतो की नाही याची वाट बघत बसू नका.

पहिली तीन वर्षं: लाड

पाणी द्यायचं ते बुंध्याला चिकटून नाही. आळं बुंध्यापासून फूटभर दूर, दरवर्षी आणखी फूटभर बाहेर सरकवायचं. ठिबक असेल तर तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर दोन बाजूंना, दोन तास. म्हणजे एका वेळी १६ लिटर. पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, मार्च ते पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या वर्षी आठवड्याला एकदा, पण ३० ते ४० लिटर. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा, ६० लिटरच्या पुढे. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा भरपूर देऊन मध्ये खंड पाडा, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात. काळ्या मातीत द्यायच्या आधी बोट दोन पेरं आत घालून बघा. ओल लागली तर पाइप गुंडाळून ठेवा.

आळ्यात वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं चार बोटं आच्छादन करा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळंही तुटतात, आच्छादनाने ते वाचतं. बुंध्याभोवती वीतभर जागा मात्र मोकळी ठेवा, नाहीतर वाळवीला घर मिळतं.

खत जूनमध्ये आणि सप्टेंबरच्या शेवटी, दर वेळी एक पाटी शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. युरिया नको. द्राक्षबागेतून उरलेलं १९-१९-१९ या रासायनिक खताचं पाणी "वाया कशाला घालवायचं" म्हणून आणून ओतू नका. मामांकडून मी हेच आणायचे, आणि तेच नंतर मला बोलले.

आता हे नीट वाचा, कारण यापायी जिवंत रोपं उपटून टाकलेली मी पाहिली आहेत. पहिल्या-दुसऱ्या वर्षी नीलमोहर म्हणजे एकच सरळ काठी असते आणि तिला हातभर लांबीची पानं. लोक त्या पानांनाच फांद्या समजतात. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी होऊन गळतात आणि उरते नुसती करडी काठी. झाड मेलं वाटतं. मेलेलं नसतं. नखाने साल किंचित खरवडा. खाली ओली हिरवी रेघ दिसली तर झाड झोपलं आहे. शेंड्याला तपकिरी लागलं तर थोडं खाली खरवडा, हिरवं लागेल तिथवर. मार्चच्या शेवटी जोडीजोडीने डोळे फुगतात.

आकार आणि छाटणी

नीलमोहराचा दिमाख त्याच्या छत्रीत आहे, आणि ती छत्री तो स्वतःच घडवतो. आपलं काम एवढंच की सात-आठ फुटांपर्यंत एकच खोड राहू द्यायचं. शेंड्याशी दोन फुटवे स्पर्धा करू लागले की जोमदार आणि सरळ तो ठेवायचा, दुसरा काढायचा. हे न केल्यास मोठेपणी दोन जाड खोडं अरुंद कोनात एकमेकांना भिडतात आणि मेमधल्या अवकाळीच्या वाऱ्यात झाड मधोमध चिरतं. रुंद कोनातल्या फांद्या ठेवा.

मोठं झाड छाटायचा मोह आवरा. शेंडा मारला, फांद्या बुंडक्या केल्या, की प्रत्येक कापापासून पाच-सहा सरळसोट, उभे, मऊ सोट निघतात. त्यांना फूल नाही, आकार नाही, आणि वाऱ्याला टिकत नाहीत. द्राक्षवाल्यांना वाटतं छाटणी केली की फूट येते आणि फुटीला घड. इथे तसं होत नाही, फुलांचा तुरा जुन्या काडीच्या टोकाला येतो. हिवाळ्यात टोकं कापलीत तर त्या वर्षीची फुलंच कापलीत. म्हणून न फुलणाऱ्या लहान झाडाची वळणाची छाटणी फेब्रुवारीत करा, आणि फुलणाऱ्या झाडाच्या वाळक्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी काढा.

जाड फांदी एका कापात तोडू नका. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग थोडं पुढे वरून काप, फांदी पडली की उरलेलं खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याबाहेर. ते कडं कापायचं नाही, जखम तिथूनच भरते.

कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. नाशिकमध्ये ती करायला कोणाला शिकवायची म्हणजे गोदावरीला पाणी दाखवण्यासारखं, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर विरघळवा. १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरात विझवा, डोळे सांभाळा, तो उसळतो. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची बादली नको. दोन्ही गार झाल्यावर एकत्र ओतून ढवळा. आकाशी रंगाचं दाट मिश्रण होतं. त्यात एक स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुन्याची थोडी निवळी घाला आणि पुन्हा खिळा बुडवा. खिळा कोराच निघाला की मिश्रण तयार. त्याच दिवशी वापरून संपवा. कोवळ्या बुंध्याला पश्चिमेच्या उन्हाने साल तडकते, तिथेही हीच पेस्ट पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन-तीन फुटांपर्यंत लावली तर चालते.

शहरात एक कायद्याची बाब आहे. झाड तुमच्या अंगणातलं, तुम्हीच लावलेलं असलं तरी १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटायच्या आधीही उद्यान विभागात अर्ज करा. म्हणून तर जागेची आखणी लावायच्या आधी.

चौथ्या वर्षापासून: ताण

द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (घड काढून झाल्यावरची छाटणी) काडीत घडनिर्मिती चालू असते, तेव्हा पाणी मुद्दाम कमी करतात. वाढ थोपली की वेल फळाकडे वळते. झाडाचं शास्त्र वेगळं, वेळापत्रकही वेगळं, पण वृत्ती तीच. नीलमोहराला पावसाळ्यात पोटभर वाढू द्यायचं आणि पाऊस गेल्यावर हात आखडायचा.

चौथ्या वर्षापासून दसऱ्यानंतर पाणी कमी करत या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी पूर्ण बंद. पानं पिवळी पडतील, गळतील, अंगणभर कचरा होईल, शेजारी विचारतील. विचारू द्या. मार्चमध्ये करड्या फांद्यांच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढ्या जांभळट कळ्यांचे झुबके दिसले की एक भरपूर पाणी द्या, १०० लिटरपर्यंत, बाहेरच्या फांद्यांच्या सावलीच्या कडेला. मग एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा. खत पाचव्या वर्षापासून फक्त जूनमध्ये दोन पाट्या शेणखत. मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, तिथे हलक्या हाताने घ्या, जानेवारीत एक पाणी द्यायला हरकत नाही. काळी माती ओल धरून ठेवते, तिथे खुशाल बंद करा.

हिरवळीतला नीलमोहर बहुतेक वेळा का फुलत नाही याचं उत्तर यात आहे. लॉनला रोज फवारा आणि दर महिन्याला नत्र, आणि मधोमध उभा असलेला नीलमोहर ते सगळं पितो. धरणाकाठच्या फार्महाउसवर मी असली आडदांड, फुलांशिवायची झाडं कितीतरी पाहिली आहेत. लॉन हवं असेल तर झाडाभोवती सहा-सात फुटांचा घेर कोरडा सोडा, फवाऱ्याची तोंडं वळवा.

माझ्या झाडाचं पाणी मी २०२० च्या जानेवारीतच तोडलं. त्या वर्षी काही झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते पूर्ण निष्पर्ण झालं आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पश्चिमेकडच्या तीन फांद्यांवर तुरे आले. सगळं श्रेय ताणाला देणार नाही, झाडाचं वयही झालं होतं. पण मामांना फोटो पाठवला तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "आता तरी पाइप विकून टाक."

दुखणी

फारशी नाहीत. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, त्याचा चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी काजळी धरते. लोक काजळीवर बुरशीनाशक मारतात, तर मारायचं असतं माव्याला. आधी पाण्याचा जोराचा फवारा, दोन दिवसांनी लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी. मावा जास्त येत असेल तर तुम्ही नत्र जास्त देताय. मिलीबग खोडावर चढताना मुंग्यांची रांग दिसते, बुंध्याला ग्रीसची पट्टी गुंडाळा.

आपल्या चुनखडीच्या जमिनीत दिसतो तो दुसरा प्रकार म्हणजे नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता. जुनी पानं पिवळी पडणं वेगळं, हिवाळ्यात तर ते सरळच आहे. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, सकाळी लवकर पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीत उभं झाड माना टाकत असेल, तर पाणी देऊ नका, चर खणून पाणी काढून द्या.

फुलं आल्यावर

पळस, काटेसावर संपत येतात आणि बहावा, गुलमोहर अजून यायचे असतात, त्या मधल्या आठवड्यांत नीलमोहर फुलतो. फूल दोन-तीन दिवसांत गळतं, पण नवी उमलत राहतात, त्यामुळे सडा रोज पडतो. मधमाश्या सडा पडल्यानंतरही फुलांत शिरलेल्या असतात, मुलांना अनवाणी सोडू नका. ताजी फुलं झाडूने सहज निघतात. सकाळी न झाडलेली दुपारपर्यंत फरशीला चिकटतात, संध्याकाळी घसरवतात, आणि गाडीच्या बॉनेटवर दोन दिवस राहिली तर तपकिरी डाग देतात. सोसायटीत लावणार असाल तर झाडणाऱ्या मावशींना आधी विचारा, कमिटीला नंतर. गोळा केलेली फुलं कंपोस्टमध्ये वाळक्या पानांबरोबर थर देऊन टाका, नुसत्या फुलांचा ढीग चिकट लगदा होतो.

फुलं सरल्यावर हिरव्या चपट्या शेंगा धरतात. झाड लहान असेल आणि खूप धरल्या असतील तर हाताला येतील त्या काढून टाका. उरलेल्या हिवाळ्यापर्यंत राहू द्या. माझ्याकडे गेल्या खेपेला एक डबाभर निघाल्या. अर्ध्या दिंडोरीला गेल्या, मामांना बांधावर लावायच्या आहेत. बागेपासून लांबच्या बांधावर, हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणजे ठिबकचं पाणी तिथवर पोहोचणार नाही.